शेपटीच्या केसापासून पीसीआरपर्यंत: नाशिकमध्ये राहून पशुधनाचं मॉलेक्युलर जेनेटिक्स कसं शिकायचं

घोटीच्या बाजारात डांगी बैल घ्यायला आलेला जुना जाणता माणूस आधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मग स्वतःचा तळहात बघतो. हाताला तेलकटपणा लागला, तरच भावाची बोलणी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठच्या पावसात हीच तेलकट कातडी आणि काळे टणक खूर जनावराला तारतात, हे त्याला कोणी वर्गात शिकवलेलं नसतं. तो बाह्य लक्षण बघून आनुवंशिक निवड करत असतो. आपण तेच काम डीएनएच्या पातळीवर करायला शिकायचं आहे. पण त्या माणसाकडे एक गोष्ट असते, जी प्रयोगशाळेत शिरलेल्या बऱ्याच मुलांकडे नसते. त्याला जनावर माहीत असतं.

म्हणून या लेखातला क्रम पाठ्यपुस्तकाच्या क्रमापेक्षा थोडा उलटा आहे. बारावीनंतर काय करावं हे विचारणाऱ्यांसाठीही तो आहे, आणि बीएस्सी किंवा पशुवैद्यकीयला असूनही जेनेटिक्सचा पेपर पाठांतरावर काढणाऱ्यांसाठीही.

पायरी १: जनावर निवडा, वही घाला

पुस्तक उघडण्याआधी एक जात आणि एक प्रश्न ठरवा. नाशिक जिल्ह्यात निवडीला तोटा नाही. घाटमाथ्यावर डांगी, सिन्नर पट्ट्यात संगमनेरी शेळ्या आणि धनगरांच्या दख्खनी मेंढ्या, निफाड-दिंडोरीच्या गोठ्यांत होलस्टिनच्या संकरित गाया. प्रश्न साधाच हवा. ‘या वाड्यातल्या काही शेळ्यांनाच दर वेताला जुळी करडं का होतात?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘डांगीचं जेनेटिक्स’ हा प्रश्नच नाही.

मग शंभर पानी वही. प्रत्येक जनावराला एक पान: कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, जन्मतारीख (नक्की माहीत नसेल तर ‘अंदाजे’ असं लिहून), आई कोण, बाप कोण किंवा रेतनाच्या कांडीवरचा वळूचा नंबर, कितवं वेत, विण्याच्या तारखा, सकाळ-संध्याकाळचं दूध. तीन महिने एवढंच करा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण डीएनएचा कुठलाही निकाल शेवटी या पानाशेजारी ठेवूनच वाचायचा असतो. पान कोरं असेल तर निकाल नुसता डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा ढीग.

पायरी २: पाया, पण एका अक्षराभोवती

वाचायचा क्रम असा ठेवा: पेशी आणि गुणसूत्रं, मेंडेलचे नियम, डीएनएची रचना, जनुकापासून प्रथिनापर्यंतचा प्रवास, उत्परिवर्तन, आणि शेवटी समूहाचं जनुकशास्त्र. अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं नीट वाचली तरी यातलं निम्मं होतं. गुणसूत्रांचे आकडे मात्र सुरुवातीलाच डोक्यात बसवा: गाय ६०, शेळी ६०, मेंढी ५४, आपल्याकडची नदीवर्गीय म्हैस ५०, कोंबडी ७८.

जनुकसंकेताचा (डीएनएच्या कोणत्या तीन अक्षरांवरून कोणतं अमिनो आम्ल येतं, याचा) सगळा तक्ता घोकण्यापेक्षा एकच अक्षर पकडून शेवटपर्यंत जा. गायीच्या दुधातलं बीटा-केसीन हे २०९ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याचं जनुक, सीएसएन-टू, सहाव्या गुणसूत्रावर असतं. त्यातल्या ६७व्या जागी डीएनएवर ‘सीसीटी’ असेल तर प्रोलिन बसतं, ते ए-टू. मधल्या ‘सी’चा ‘ए’ झाला की ‘सीएटी’, म्हणजे हिस्टिडिन, ते ए-वन. हे एक उदाहरण कागदावर स्वतः सोडवलं की लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए), भाषांतर (आरएनएवरून प्रथिन), युग्मविकल्पी (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं), समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या), विषमयुग्मी (दोन्ही वेगळ्या) हे सगळे शब्द आपोआप जागेवर बसतात.

आता थोडं स्पष्ट बोलतो. ‘ए-टू दूध’ म्हणून दुप्पट भावाने बाटल्या विकणाऱ्यांच्या जाहिराती नाशिकमध्येही दिसतात. आपल्या बहुतेक देशी गायींमध्ये ए-टू रूपच प्रामुख्याने आढळतं, हे खरं. पण ही चाचणी एका प्रथिनातलं एक अक्षर सांगते. गाय शुद्ध डांगी आहे का, दूध किती देईल, दुधात पाणी आहे का, यातलं काहीही ती सांगत नाही. शिवाय अनेक होलस्टिन गायाही ए-टू असतात. जेनेटिक्स शिकलेल्या माणसाने गावात एवढं समजावून सांगितलं तरी शिक्षण कामी आलं.

पायरी ३: कांद्याचा डीएनए

नाशिकच्या घरात कांदा नाही असं होत नाही. अर्धा कांदा बारीक चिरा. १०० मिलिलिटर पाण्यात भांडी धुण्याचं एक चमचा लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ घालून त्यात कांदा टाका. हे भांडं ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. मग बर्फात पाच मिनिटं गार करा, मिक्सरला पाच सेकंद फिरवा (जास्त फिरवलंत तर धागे तुटतील) आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घट्ट झाकणाच्या बाटलीत थंड करून ठेवलेलं असू द्या. ते ग्लासच्या कडेने, रसाच्या तितकंच, हळू ओता. गॅसची शेगडी जवळ पेटलेली नको, अल्कोहोल पेट घेतं. दहा मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढरट तंतू वर येतात.

साबणाने पेशीचं स्निग्ध आवरण फोडलं, मिठाने डीएनएचा ऋणभार शमवला, आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून तो बाहेर पडला. त्या तंतूंत आरएनए आणि पेक्टिनही असतं, म्हणून ‘शुद्ध डीएनए काढला’ असं स्टेटस टाकू नका. पण गायीच्या रक्तातून डीएनए काढताना हेच तर्कशास्त्र असतं. साबणाच्या जागी एसडीएस हे साबणासारखंच रसायन, मिक्सरच्या जागी प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के. एक फरक लक्षात ठेवा: सस्तन प्राण्यांच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, डीएनए येतो तो पांढऱ्या पेशींतून. कोंबडीच्या लाल पेशीतही केंद्रक असतं, म्हणून तिचा रक्ताचा एक थेंबही भरपूर होतो.

पायरी ४: संगणकावरचं फुकट शिक्षण

एवढं झाल्यावर प्रयोगशाळेची वाट बघत बसू नका. एनसीबीआयच्या जेनबँकमध्ये आणि एन्सेम्बलवर, म्हणजे आंतरजालावरच्या डीएनए-संग्रहांत, गायीचा अख्खा जीनोम (सगळा डीएनए-क्रम) मोफत उघडा आहे. डोमिनेट नावाच्या एका हेरफर्ड गायीवरून तो वाचला गेला आणि २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण २२ हजार जनुकं मोजली गेली.

पहिल्या आठवड्यात सीएसएन-टू शोधा, ६७वी जागा स्वतः मोजा. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण प्रथिन तयार होताना सुरुवातीची पंधरा अमिनो आम्लं कापली जातात आणि आंतरजालावरचा क्रम ती धरून असतो. म्हणजे तुम्हाला ८२व्या जागी बघावं लागतं. ही चूक स्वतः एकदा करा, परत होणार नाही. दुसऱ्या आठवड्यात तोच क्रम ब्लास्ट या तुलना करणाऱ्या साधनात टाकून म्हैस, शेळी, मेंढीशी ताडून बघा. तिसऱ्या आठवड्यात प्रायमर-ब्लास्टने प्रायमरची (डीएनएचा हवा तो तुकडा पकडणाऱ्या छोट्या धाग्यांची) जोडी तयार करा. जनावरांतल्या आनुवंशिक आजारांसाठी सिडनी विद्यापीठाची ओमिया ही यादी आहे. रोज रात्री एक आजार वाचला तरी वर्षाअखेरीस तुम्ही बऱ्याच प्राध्यापकांच्या पुढे असाल.

पायरी ५: नमुना गोळा करणं

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

रक्त पशुवैद्यकानेच काढायचं. संशोधनासाठी असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी, सुई नंतर. विद्यार्थ्याने सुरुवात शेपटीच्या केसांपासून करावी हे उत्तम. गोंड्यातले तीस-चाळीस केस मुळासकट उपटायचे. कात्रीने कापलेल्या केसाला मूळ नसतं आणि डीएनए मुळाशी असतो. केस कोरड्या कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. ओल धरली की बुरशी येते.

रक्त घेतलं तर जांभळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली नळी. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं आणि ते पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीला (पायरी ६), अडवतं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. पहिल्याच फेरीत जांभळ्या नळ्या संपल्या म्हणून दुकानदाराने दिलेल्या हिरव्या नळ्या मी मुकाट्याने घेतल्या. जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या पातळ थरावर) पट्टी काही दिसेना. तीन आठवडे मी प्रायमरला शिव्या देत होतो.

दुसरी गोष्ट लेबलांची. इगतपुरीकडे आषाढात गेलो होतो. नळ्यांवर शाईच्या पेनाने नंबर टाकले, गोठ्यातून बाहेर येईपर्यंत निम्मे नंबर पावसाने नेले. चौदा गायींचं रक्त होतं आणि कोणतं कोणाचं ते माहीत नव्हतं. तेव्हापासून कागदी लेबल, त्यावर पेन्सिल, वरून पारदर्शक चिकटपट्टी, आणि तोच नंबर वहीत.

नळ्या बर्फाच्या पेटीत नेताना थेट बर्फाला चिकटवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा. रक्त गोठून लाल पेशी फुटल्या की त्यातलं हीमही (रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य) पीसीआरला त्रास देतं. काढलेला डीएनए बरा आहे का, हे २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशाच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून कळतं. १.८ च्या आसपास हवं. त्याहून बरंच खाली असेल तर प्रथिनं राहिलीत, पुन्हा धुवा.

पायरी ६: पीसीआर, आणि जेलवरच्या तीन मेंढ्या

पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि त्यासाठी त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं. ९४-९५ अंशांवर दोन धागे सुटतात, ५५-६० वर प्रायमर चिकटतात, ७२ वर टॅक हे विकर (एन्झाइम) नवा धागा विणतं. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर कागदोपत्री एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक. म्हणूनच शेजारच्या नळीतून उडालेला एक कणही तुमचा निकाल बिघडवू शकतो. डीएनए न घालता चालवलेली एक नळी प्रत्येक वेळी ठेवायचीच. तिच्यात पट्टी आली तर त्या दिवशीचं सगळं फेकून द्या. जीव तुटतो, पण फेका.

सराव म्हणून मी नेहमी मेंढीचं फेक-बी हे जनुकरूप सुचवतो, कारण त्यात विज्ञानही आहे आणि महाराष्ट्राचा अभिमानही. बीएमपीआर-वन-बी या जनुकात एक अक्षर बदलतं, ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं आणि मेंढी एका वेळी जास्त अंडी सोडते. या बदललेल्या रूपालाच फेक-बी किंवा नुसतं बी म्हणतात. सुंदरबनातल्या बुटक्या गारोळ मेंढीत हे रूप आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळचं हे एक जनुक दख्खनीत आणलं आणि नारी सुवर्णा तयार केली.

चाचणी अशी: प्रायमर मुद्दाम एका अक्षराने चुकीचा ठेवून १९० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा) तुकडा वाढवतात आणि अव्हा-टू या विकराने कापायला देतात. बी रूप असेल तर तुकडा १६० आणि ३० मध्ये तुटतो, नसेल तर अखंड राहतो. जेलवर १९० ची एकच पट्टी म्हणजे साधी मेंढी, १९० आणि १६० दोन्ही म्हणजे एक प्रत, फक्त १६० म्हणजे दोन्ही प्रती. ३० ची पट्टी फिकट असते, अनेकदा दिसतच नाही, घाबरू नका. इतक्या जवळच्या पट्ट्या वेगळ्या दिसायला अगारोजचं जेल ३ टक्क्यांच्या आसपास घट्ट लागतं. डीएनए दिसावा म्हणून इथिडियम ब्रोमाइड हा रंग वापरत असाल तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका, आणि त्याच हातमोज्यांनी दाराची कडी उघडू नका.

आता या चाचणीने साधलं काय, ते बघा. मेंढा कधी वीत नाही. त्याच्यात हे जनुक आहे की नाही, हे पूर्वी त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्याल्यावरच कळायचं. डीएनए चाचणीने ते कोकरू असतानाच कळतं. दर पिढीला दख्खनीशी परत संकर करायचा, साधारण निम्म्या पिल्लांत बी उतरतं, चाचणी करून तेवढीच ठेवायची. गारोळचा अंश सरासरीने ५० वरून २५, १२.५, ६.२५ टक्के असा उतरत जातो, बी मात्र टिकतं. आणि धनगराला हेही सांगायला हवं की जुळ्यांना दोन कोकरांचं दूध लागतं, म्हणजे दूध पाजणाऱ्या मेंढीला चारा जास्त लागतो. जनुक चारा आणून देत नाही.

पायरी ७: आकडे

समजा तुम्ही ५० संकरित गायी तपासल्या. ३६ ए-टू-ए-टू, १२ ए-वन-ए-टू, २ ए-वन-ए-वन. प्रत्येक गायीत जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एकूण १०० प्रती. ए-वनच्या (२×२)+१२ = १६, म्हणून वारंवारिता ०.१६, ए-टूची ०.८४. हार्डी-वाइनबर्गच्या नियमाने (निवड न होता मुक्त संकर झाला तर रूपांची वाटणी कशी असेल, हे सांगणारा नियम) अपेक्षित संख्या ३५.२८, १३.४४ आणि १.२८. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या फरकाचं माप) सुमारे ०.५७, म्हणजे ३.८४ या नेहमीच्या मर्यादेच्या बराच खाली, कळप अपेक्षेपासून फारसा ढळलेला नाही. पण १.२८ हा अपेक्षित आकडा पाचाहूनही लहान आहे, तेव्हा या कसोटीवर पैज लावू नका. हे गणित आधी हाताने करा, मग आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिका, त्यानंतर प्लिंक हे जनुकीय माहितीचं सॉफ्टवेअर. प्लिंक माणसाची गुणसूत्रं गृहीत धरतं, त्याला ‘काऊ’ हा पर्याय द्यायला विसरलात तर निकाल विचित्र येतील.

पायरी ८: गोठ्यात याचा उपयोग

एका जनुकाची गोष्ट सोपी असते. ब्लॅड हा होलस्टिनमधला आजार घ्या: पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकत नाहीत, वासरू साध्या संसर्गानेही मरतं. वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) वळू दिसायला ठणठणीत असतो. वाहक वळू वाहक गायीला लागला तर चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता. म्हणून रेतन केंद्रात घेण्याआधी होलस्टिन आणि त्याच्या संकरित वळूंची ही चाचणी होते. गावात कांडी घेताना वळूचा नंबर विचारून तो वहीत लिहिण्याचं कारण हेच.

दूध मात्र शेकडो-हजारो जनुकांचा खेळ. त्याची आनुवंशिकता साधारण ०.२५ ते ०.३५ धरतात, उरलेलं चारा, पाणी, गोठा, माणूस. इथे जीनोमिक निवड कामाला येते. चिपवर हजारो जागची अक्षरं एकदम वाचायची, आणि ज्यांचं दूध मोजलेलं आहे अशा गायींशी ताडून नव्या वासराचं मूल्य काढायचं. २००१ मध्ये म्युविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी ही पद्धत मांडली. आपल्याकडे गौ चिप आणि महिष चिपचं लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये झालं.

पण चिप म्हणजे रिकामी फूटपट्टी. होलस्टिनच्या नोंदींवर बेतलेलं समीकरण डांगीला लावलं तर उत्तर येईल आणि ते बहुधा चुकीचं असेल, कारण कुठलं अक्षर कुठल्या गुणाबरोबर चालतं ते जातीगणिक बदलतं. डांगीसाठी डांगीचीच मोजलेली दुधं, वेतं आणि वंशावळ लागेल. म्हणून पायरी एकमधल्या वहीसाठी मी इतका हट्ट धरतो.

प्रवेशाचे रस्ते

पशुवैद्यकीयला जायचं तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात हे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे म्हणून तिकडे चौकशी करणारे पालक दरवर्षी भेटतात, त्या विद्यापीठाचा आणि पशुवैद्यकीयचा संबंध नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था. पुढे पशुअनुवंश व पैदास या विषयात एमव्हीएस्सी ही पदव्युत्तर पदवी.

‘नीट’ परीक्षा जमली नाही म्हणून दार बंद होत नाही. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी करून गॅट-बी सारख्या जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतून प्राणी जैवतंत्रज्ञानाकडे वळता येतं. पात्रतेचे नियम दर वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, माझ्यासारख्यांच्या आठवणीवर विसंबू नका. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आणि राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था (एनडीआरआय), इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था (आयव्हीआरआय), हैदराबादची राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्था, ही नावं आत्तापासून डोळ्यांसमोर ठेवा. उन्हाळी प्रशिक्षणासाठी पत्र लिहाल तेव्हा ‘मला जेनेटिक्सची आवड आहे’ हे वाक्य नको. ‘माझ्याकडे ३२ डांगी गायींच्या आठ महिन्यांच्या नोंदी आहेत आणि मला हे तपासायचं आहे’ असं लिहा. अशा पत्राला उत्तर येतं.

निकाल मालकाला सांगणं

ही पायरी कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा निकाल मालकाला त्याच्या भाषेत, त्याच्या ओसरीवर बसून सांगायचा. एकदा त्र्यंबककडच्या एका बाबांना मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हिला ठेवू का विकू, ते लिहिलंय का यात?” नव्हतं लिहिलेलं. मी विचारलं, “बाबा, ही व्यायली कधी कधी?” ते आत गेले आणि भिंतीवरची जुनी कॅलेंडरं घेऊन आले, सहा वर्षांची. विण्याच्या प्रत्येक तारखेभोवती कुंकवाचं बोट. रिपोर्ट त्यांच्याकडे राहिला, मी कॅलेंडरांचे फोटो काढून आणले.